कोपऱ्यात संपणारं सारवण

घर विकायला काढणं आणि मुलगी दाखवायला काढणं, दोन्हींत माणसाला सारखाच घाम फुटतो. उर्सुलाच्या पोटी मूलबाळ नव्हतं, तेव्हा दुसऱ्याचा तिला अनुभव नव्हता. पण १८८९ सालच्या उन्हाळ्यात ठाण्याजवळच्या खोपट गावातलं नवऱ्याचं घर विकायला काढलं आणि महिन्याभरात तिला सगळं कळून चुकलं. लोक येतात, गूळपाणी घेतात, भिंतीवरून बोट फिरवतात, ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत.

भिंतींना ओल होती हे खरंच. घरामागं भाताची खाचरं, त्यापलीकडं मिठागरं, आणि खाडीवरचा वारा बारा महिने दमट. त्याच ओलीनं तिच्या नवऱ्याची, सिल्वेस्टरची, छाती धरली होती. चार वर्षांपूर्वी चर्चच्या घंटेचा दोर एकट्यानं ओढणारा धडधाकट गडी, आता खाटेवरून परसापर्यंत जाताना दोनदा बसायचा. डॉक्टरनं आडपडदा ठेवला नव्हता. ‘हा पावसाळा या घरात काढलात तर पुढच्याची आशा धरू नका,’ असं तो म्हणाला होता. उर्सुलाचा भाऊ पर्सी मनमाडला इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होता. तिकडची हवा कोरडी, खणखणीत. या म्हणत होता. पण आजारी माणूस घेऊन रिकाम्या हातानं भावाच्या दारात कसं उभं राहायचं? घर गेल्याशिवाय गाडीत बसता येत नव्हतं, आणि मृग पाच आठवड्यांवर आला होता.

“उर्सुलबाय, तू पुरुषांना घर दाखवतेस, म्हनून इकत नाय,” शेजारची सगुणा म्हणाली. तिच्याकडं दोन म्हशी आणि एक गाय होती, आणि प्रत्येक गोष्टीवर एक मत होतं. “पुरुष भिंती बघतात. पन घर घेते ती त्याची बायको, नि ती बघते भुई. तुजी भुई बघ जरा, कशी खड्ड्याखड्ड्यांची झालीय.”

ते उर्सुलाला पटलं. कामाला ती वाघीण होती. खाडीतल्या शिंपल्यांचा चुना आणून तिनं भिंती पांढऱ्या केल्या, कौलं चाळून घेतली, आणि ओटी, माजघर, कोठी, स्वैपाकघर अशी सगळ्या घराची जुनी भुई कुदळीनं उकरून काढली. इथंच सांगून ठेवतो, उकरताना काही निघालं नाही. हाड नाही, हंडा नाही, बांगडीचा तुकडासुद्धा नाही. अशा गोष्टीत काहीतरी निघायलाच हवं अशी ऐकणाऱ्याची खोड असते, त्याला इलाज नाही. इथं नुसती माती निघाली. तिच्यावर तांबडी माती घालून, पाणी मारून उर्सुलानं आणि सगुणानं तीन दिवस चोपण्यानं चोपली, आणि मग रोज पहाटे शेणानं सारवण सुरू केलं.

सारवणाऱ्या बाईचा हात भुईवर उमटतो, तो ज्याला कळतो त्याला कळतो. उकिडवं बसायचं, हात अर्धगोल फिरवायचा, मागं सरकायचं. आतल्या भिंतीपासून सुरुवात करून बाई मागं मागं येते ती दारापर्यंत, आणि शेवटचा हात उंबऱ्याबाहेर बसून मारते. दुसरी रीतच नाही. ओल्या भुईवर पाय कोण देईल? प्रत्येक नवा फेर आधीच्या फेराच्या कडेवर थोडा चढतो. त्यामुळं वाळल्यावरही सांगता येतं, बाई कुठून निघाली आणि कुठं पोचली.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. उर्सुला सगुणाच्या गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन आली, तर कोठी सारवलेली होती. भुई ओली होती, गुळगुळीत, कुठं काडी नाही की खडा नाही.

सगुणा तर आत्ताच गोठ्यात तिच्यासमोर धार काढत होती. उर्सुला माजघरात गेली.

“आत्ता कोन आलेलं?”

“कोन येनार?” सिल्वेस्टर खाटेवरून म्हणाला. “तूच व्हतीस ना? हात फिरत व्हता, ऐकलं मी.” मग जरा थांबून म्हणाला, “बांगड्या नव्हत्या वाजत. म्हटलं, काढून ठेवल्यास.”

उर्सुलानं बांगड्या काढल्या नव्हत्या. ती पुन्हा कोठीच्या दारात जाऊन उभी राहिली. फेर डाव्या हाताचे होते. घरात डावखुरं कोणी नव्हतं. सिल्वेस्टरच्या मागच्या तीन पिढ्यांत कोणी असल्याचं ऐकिवात नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिला खुपत होती, पण ती काय ते सापडायला दुपार झाली. डाळ निवडता निवडता ती एकदम उठली. कोठीतल्या फेरांची चढण उलटी होती. पहिला फेर उंबऱ्याशी होता आणि शेवटचा आतल्या कोपऱ्यात. म्हणजे जी कोणी बसली होती ती दाराकडं तोंड करून बसली होती, आणि सारवत सारवत मागं सरकत, कोपऱ्याला पाठ लागेपर्यंत आत गेली होती. बाहेर आल्याचं पाऊल ओल्या भुईवर कुठंच नव्हतं.

उर्सुलानं कोठीला कडी घातली. भीती वाटली, नाही असं नाही. पण आजारी नवऱ्याच्या बाईला भ्यायलासुद्धा सवड लागते.

तिसऱ्या दिवशी माजघराची निम्मी भुई तशीच झाली. मग उर्सुलानं शहानिशा करायचं ठरवलं. मागचं दार आतून लावलं, सिल्वेस्टरला आधार देऊन ओटीवर आणून बसवलं, सगुणाला बोलावलं, आणि तिघं भर सकाळी ओटीवर बसून राहिली. दोघी वाल सोलत होत्या. घरात जायची वाट त्यांच्या पाठीशी होती. वाल निम्मे झाले असतील, तेवढ्यात आतून ओल्या शेणाचा वास आला.

“उर्सुलबाय,” सगुणा सूप खाली ठेवत म्हणाली, “मी घरी जाते.” त्यानंतर ती पायरी चढली नाही. शेण अंगणात आणून ठेवायची आणि हाक मारून जायची.

माजघरात या वेळी खाटेच्या चारही पायांभोवती हात फिरला होता. शेवटचा फेर सिल्वेस्टरच्या उशाशी, भिंतीला लागून होता. त्या दिवसापासून त्याचा खोकला वाढला. पाद्री येऊन प्रार्थना म्हणून गेले, पाणी शिंपडून गेले. थेंबांनी सारवणावर बारीक खळगे पडले होते. सकाळी ते कोणीतरी हातानं सपाट केलेले होते.

आणि खरं सांगायचं तर भुई आरशासारखी दिसत होती. उर्सुलाला जन्मात तसं जमलं नसतं. खाट हलवली तरी दुसऱ्या सकाळी तो शेवटचा फेर नव्या उशाशी आलेला असे. म्हणून घर लवकर विकलं जावं एवढा एकच जप तिनं धरला, आणि ज्या हाताची तिला धास्ती होती त्याच हाताच्या कामावर भरवसा ठेवून ती गिऱ्हाइकाची वाट बघू लागली.

एका रविवारी पंढरी आला. ठाणे स्टेशनात मालाच्या धक्क्यावर कारकून, मूळचा साताऱ्याकडचा, कमी बोलणारा. बरोबर बायको मालन आणि तिच्या खांद्यावर तीन महिन्यांची मुलगी. त्यानं भिंती पाहिल्या. मालननं वाकून भुईवरून तळवा फिरवला, आणि तिचा चेहराच बदलला.

“हिला जरा टेकवू का हितं?” म्हणून तिनं मुलीला ओटीच्या कोपऱ्यात दुपट्यावर निजवलं. “धोंडी म्हनतो आमी. आदीची दोन गेली, म्हून असलं नाव. नजर नको लागाय.” मग आतून फिरून आल्यावर तिनं विचारलं, “बाई, कुनाचा ओ हात ह्यो? माज्या आईचा बी असा न्हवता.”

“माझाच,” उर्सुला म्हणाली.

पंढरीनं तिथंच शब्द दिला. गुरुवारी कागद करू आणि त्याच दिवशी राहायला येऊ, असं ठरलं.

सोमवारी पहाटे उर्सुलाला जाग आली ती शांततेनं. सिल्वेस्टर खोकत नव्हता. घाबरून तिनं त्याच्या नाकाशी हात धरला. श्वास सरळ चालला होता. खाटेभोवतीची भुई कोरडी होती, कालचीच.

ती ओटीवर आली.

ओटी ओली होती. फेर दारापासून निघून कोपऱ्यापर्यंत गेले होते, आणि कोपऱ्यात हातभर लांबीची एक जागा कोरडी सोडलेली होती. तिच्या कडेनं हात अगदी हलका फिरला होता. तान्हं निजलेलं असलं की बाया त्याला उठवत नाहीत, त्याच्या भोवतीनं सारवतात. तसं.

उर्सुला उंबऱ्यावरच बसली. सगळं तिला कळलं, आणि कळल्याबरोबर जे वाटलं त्याची तिला पुढं जन्मभर लाज वाटली. तिला हायसं वाटलं होतं.

सिल्वेस्टरनं त्या सकाळी पेज मागून घेतली.

सांगायचं, असं तिनं ठरवलं. सोमवारी ठरवलं, मंगळवारी ठरवलं, बुधवारी पंढरीच्या घरी जायला म्हणून वाटेवरच्या तळ्यापर्यंत चालत गेली आणि परत आली. ओटी रोज ओली होत होती. ती जागा रोज कोरडी राहत होती.

गुरुवारी कचेरीतून कागद करून पंढरी आला. मालन धोंडीला घेऊन मागोमाग आली. मुलगी वाटभर रडत होती, रडून रडून लाल झाली होती. अंगणात बैलगाडी उभी होती. सामान भरून झालं होतं.

“मालनबाई,” उर्सुलानं तिचा हात धरला. “ओटीवर...”

“काय ओ?”

उर्सुलाची नजर गाडीकडं गेली. सिल्वेस्टर गाडीत बसला होता. कोणाच्या आधारावाचून, ताठ.

“ओटीवर ऊन लवकर येतं,” उर्सुला म्हणाली.

मालन हसली, आत वळली, आणि तिला कोपऱ्यातली ती जागा दिसली.

“आगं बया! माज्या धोंडीची जागा राखून ठिवली व्हय तुमी!”

तिनं दुपटं अंथरलं. ते बरोबर बसलं. धोंडीला तिनं वर निजवलं, आणि मुलगी रडायची एकदम थांबली. आईकडं तिचं लक्षच नव्हतं. कोपऱ्याच्या भिंतीकडं बघून तिनं दोन्ही हात वर केले, कोणी उचलून घ्यायला वाकल्यावर मुलं करतात तसे.

उर्सुला गाडीत चढली.

रस्ता खाचखळग्यांचा होता. दर धक्क्याला तिनं त्याच्या पाठीला हात लावला, सवयीनं.

“कशाला?” सिल्वेस्टर म्हणाला. “बरं हाय मना. सोमवारपासून मोकळं वाटतं. छातीवर कोनी बसलेलं उठून गेल्यावानी.”

उर्सुलानं हात काढून घेतला. त्यानं एकदा तरी खोकावं म्हणून ती स्टेशनापर्यंत वाट बघत होती. तो खोकला नाही.