सीमेपलीकडचा विमा

"भाऊ कबुलीजबाबावर सही करायला निघालाय हो!" ताईंनी आत येताच पर्स टेबलावर आदळली. "स्वतःच्या हातानं गळ्यात फास घालून घेतोय!"

मावशींनी खुर्ची पुढे सरकवली. मावशी पूर्वी विमा कंपनीत तपासनीस होत्या, आता खासगी गुप्तहेर. कोपऱ्यात सकाळपासून उपाशी बसलेला त्यांचा भाचा होता. त्याचं डोकं तसंही सावकाश चालायचं, रिकाम्या पोटी तर ठप्पच!

ताईंचा भाऊ एका मालकाची व्हॅन चालवायचा. सीमेपलीकडे त्या व्हॅननं एका सायकलवाल्याला उडवलं आणि ती खांबावर आदळली. भावाच्या डोक्याला मार लागला, ऑपरेशन करावं लागणार होतं. त्या दिवसाचं त्याला काहीच आठवत नव्हतं. मालकांचे जावई म्हणत होते, गाडी तोच चालवत होता.

"आणखी कुठे लागलंय?" मावशींनी विचारलं.

"सीटबेल्टचा वळ उठलाय, डाव्या खांद्यापासून पार कमरेपर्यंत. आणि तरी तो विचारतो काय, तर सायकलवाला कसा आहे!"

मावशींनी भाच्याला घेऊन गाडी काढली. सीमेवर दोघं या खिडकीवरून त्या खिडकीवर टोलवले गेले. भाच्याला एव्हाना प्रत्येक खिडकी फोडावीशी वाटत होती. शेवटी एका कारकुनानं मान वर केली.

"इकडचा विमा पलीकडे चालत नाही. इथूनच वेगळा घ्यायचा, चालकाच्या नावानं. त्या व्हॅनचा त्या ड्रायव्हरच्या नावावर होता. दुसऱ्या कुणी चालवली असती, तर सगळा रद्द!"

पलीकडे वाहनं रस्त्याच्या उजवीकडून धावत होती. टोलनाक्यावर मावशींनी गाडी थांबवली.

"बसलास काय? तिकीट घे!"

"सगळी कामं मीच करायची का?" भाच्यानं डाव्या खिडकीतून हात काढला आणि तिकीट ओढलं. पुढे अपघाताच्या जागी एक वाकलेला खांब तेवढा होता. एवढी वणवण करून हाती काय, तर भोपळा! तो मनातल्या मनात मावशींवर भडकला.

संध्याकाळी मालकांच्या ऑफिसात ताईही आल्या.

"विमा आहे, कंपनी भरपाई देईल," मालक वैतागून म्हणाले. "कशाला उकरून काढताय?"

जावई तर निघायच्याच घाईत होते. "मी मागून बसनं येत होतो. टोलनाक्यावर बस शेजारीच होती. व्हॅनमध्ये तो एकटाच. बसल्या जागेवरून हात काढला, तिकीट घेतलं आणि सुसाट निघाला. पुढे व्हॅन आदळलेली दिसली, तेव्हा मीच त्याला बाहेर काढलं. पोलीस नंतर आले." त्यांनी बॅग उजव्या खांद्यावर अडकवली, तोंड कसंनुसं केलं आणि ती डाव्या खांद्यावर घेतली.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "भाचेबुवा, आज तिकीट कुणी घेतलं?"

"मी! तुम्हीच तर ओरडलात!"

"का? कारण पलीकडे गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणून टोलची खिडकीही डावीकडे. आपलं स्टिअरिंग उजवीकडे. व्हॅनचंही तसंच. एकट्या ड्रायव्हरचा हात बसल्या जागेवरून तिथं पोचेल कसा?"

जावयांनी बॅग खाली ठेवली.

"आपल्या गाडीत ड्रायव्हरचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. भावाचा वळ डाव्या खांद्यावर आहे. तो शेजारच्या सीटवर होता. उजवा खांदा कुणाचा दुखतोय, ते आत्ताच दिसलं. काढा शर्टाचं बटण!"

जावयांनी कॉलर घट्ट धरली. "हौस म्हणून घेतली हो चालवायला..."

"मला त्याच दिवशी कळलं होतं," मालक पडलेल्या आवाजात म्हणाले. "पण हा चालवत होता म्हटलं, की विमा गेला. सायकलवाल्याला कंपनी छदाम देणार नाही. तुमच्या भावाच्या ऑपरेशनलाही नाही!"

भाच्याचं टाळकं फिरलं. खरं शोधलं, तर हे फळ!

ताई रडल्या नाहीत. त्यांनी भावाला फोन लावला आणि मालकांसमोर धरला. "आठवडाभर तो स्वतःला गुन्हेगार समजतोय. सांगा त्याला. तुम्हीच सांगा."

फोनमधून बारीक आवाज आला, "ताई? सायकलवाला कसा आहे गं?"

मालकांनी जावयांकडे पाहिलं. मग फोन घेतला.

"मी बोलतोय रे. गाडी तू चालवत नव्हतास. सायकलवाल्याचं आणि तुझं मी बघतो. त्यासाठी गाड्या विकाव्या लागल्या, तरी विकेन."