भिंतीचा रंग

"सत्तावीस दोनदा झाले."

तिचा हात थबकला. औषधांच्या दुकानात दिवसभर ती परक्या देशाची भाषा बोलायची, पण गोळ्या मोजताना ओठांवर मराठीच आकडे यायचे. इथे कोणाला कळतंय, म्हणून ती बिनधास्त पुटपुटायची. आज मात्र काउंटरपलीकडे खांद्यावर लाकडाचा भुसा घेऊन एक उंच माणूस उभा होता.

"तुम्ही... मराठी?"

"सुतार. पण हो, मराठीसुद्धा."

तिने गोळ्या पुन्हा मोजल्या. खरंच एक कमी होती.

मग तो दर गुरुवारी यायला लागला. खोकल्याच्या गोळ्या घ्यायला.

"घसा अजून बरा नाही?"

"घसा ठणठणीत आहे हो. पण नुसतंच बोलायला आलो, तर तुमच्या मॅनेजरबाई हाकलून देतील."

ती खाली बघून हसायची.

एकदा ती सहज म्हणाली, की माझं घरचं टेबल फार डुगडुगतं. शनिवारी सकाळी तो हत्यारांची पेटी घेऊन दारात हजर. आत आला, आणि बघतच राहिला. उघड्या भिंती, एकच खुर्ची, आणि दोन वर्षांनंतरही पलंगाखाली भरलेल्याच बॅगा.

"राहता की गाडीची वाट बघता?"

"पसारा कशाला मांडायचा? परत मायदेशी जायचंच आहे. मावशीने तिकडे नोकरी बघून ठेवलीय. घरमालकिणीला उद्या सांगायचंय, खोली सोडते म्हणून."

रंधा मध्येच थांबला. बराच वेळ तो टेबलाच्या पायावरून नुसता अंगठा फिरवत राहिला.

"थांबा म्हणायचा मला हक्क नाही," तो हळूच म्हणाला. "पण एक सांगू? तिकडची ओढ असेल तर खुशाल जा. इथे करमत नाही म्हणून जात असाल, तर... तुम्ही इथे राहून कुठे पाहिलंय अजून?"

तिला राग आला. तो गेल्यावर तिने बॅगेची चेन ओढली, पुन्हा उघडली. मग कितीतरी वेळ ती त्या रिकाम्या, पिवळट भिंतीकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी घरमालकिणीने विचारलं, "मग? काय ठरलं?"

तिने तोंड उघडलं, आणि भलतंच बोलून गेली. "खोलीला रंग दिला तर चालेल?"

जिना उतरता उतरताच तिने त्याला फोन लावला.

"पुढच्या रविवारी मोकळा आहेस? भिंती रंगवायच्यात."



"मी सुतार आहे. रंगारी नाही."

"माहीत आहे. रंगवीन मी. तू फक्त रंग निवडायला ये... रोज तुलाही बघावा लागला, तर आवडायला हवा ना."