नेल्सनचं शेवटचं प्रकरण

तारीख मला पक्की आठवते, कारण ती माझ्या विषयातली आहे. बाकीचं किती चंद्रहासनं सांगितलं आणि किती मी इतक्या वर्षांत मनानंच भरून काढलं, याची खात्री देत नाही. पस्तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. एकट्या साक्षीदारावर विसंबू नका, असं मुलांना बजावत आलो. आता साक्षीदार मीच, तोही थकलेला.

इथे जपानात, इचिकावा गावी मुलाच्या घरी आमची जेवणं आटोपली होती. सून आणि मुलगा आत आवराआवर करत होते. नात रुचा आणि तिचा वर्गमित्र पार्थ माझ्यासमोर बसले होते. रुचानं दिवा बारीक केला आणि म्हणाली, "आजोबा, भुताची सांगा. पण खरी हवी."

तर ऐका.

दोन हजार पाच साल. तेव्हा आम्ही ओजिमात राहत होतो, सरकारी वसाहतीत चौथ्या मजल्यावर. नवव्या मजल्यावर चंद्रहास एकटा राहायचा. पुण्याचा मुलगा, सॉफ्टवेअरवाला. लग्न होऊन बायको वृंदा दिवसात असतानाच त्याला इकडे यावं लागलं. मुलगी झाली, जुई. तिला त्यानं पाहिलं ते संगणकावरच. दर रविवारी कॅमेरा लावून बोलायचा. जुई दीड वर्षाची झाली आणि बोलायला लागली, तेव्हा त्याला 'काका' म्हणाली. तो हसून सांगायचा हे. मला त्याच्याबरोबर हसता यायचं नाही.

सहाव्या मजल्यावर होरिउची-सेन्सेई, म्हणजे होरिउची गुरुजी. वय एक्याऐंशी. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. तरुणपणी युद्धात नौदलात होते. जहाज बुडालं, ते वाचले. त्याबद्दल एवढंच बोलायचे. बारा वर्षं ते एका जुन्या इंग्रजी पुस्तकाचं जपानी भाषांतर करत होते, पेन्सिलनं, वह्यांमधून. नेल्सनचं चरित्र, त्या इंग्रज नौदल सेनापतीचं. आणि त्यांची एक पद्धत होती. पान भाषांतराला घेण्याआधी ते कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्यायचे. कानांनी ऐकल्याशिवाय हात चालत नाही म्हणायचे.

त्यांनी आधी मला विचारलं होतं. मी म्हणालो, डोळे साथ देत नाहीत. डोळे चांगले होते. इंग्रजीच्या शिक्षकापुढे आपले उच्चार चुकले तर, ही धास्ती. मी चंद्रहासला पुढे केलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चंद्रहास दर शुक्रवारी जाऊन दहा-बारा पानं वाचून यायचा. आणि मग अडलेलं मला विचारायचा. म्हणून मला ठाऊक, कुठवर आलं होतं ते. बाराव्या वर्षी जहाजावर गेलेला पोरगा, ज्याला जन्मभर समुद्र लागायचा. कॉर्सिकात एक डोळा गेला, टेनेरिफला एक हात गेला, तरी हा पुन्हा जहाजावर हजर. कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठानं माघारीचा सिग्नल दिला, तर यानं दुर्बीण अधू डोळ्याला लावली आणि म्हणाला, मला काही सिग्नल दिसत नाही. ते वाचून चंद्रहास म्हणाला, आमचे मॅनेजर रजेचे अर्ज असेच बघतात. सेन्सेईंना हे फार आवडलं. तेव्हापासून दार उघडताच विचारायचे, "चंद्रहास-सान, सिग्नल दिसला का?"

शेवटचं प्रकरण राहिलं होतं. ट्राफल्गारच्या लढाईचं. एकवीस ऑक्टोबर अठराशे पाच, दुपारी साडेचारच्या सुमाराला नेल्सन गेला. सेन्सेईंनी हिशेब मांडला. दोनशे वर्षं त्याच तारखेला भरतात, आणि तिकडचे साडेचार म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड. त्या वेळेला ते पान ऐकायचं आणि काम संपवायचं. फार दिवस हातात नाहीत, असंही म्हणाले. चंद्रहासनं शब्द दिला. "कितीही वाजले तरी येतो, सेन्सेई."

त्यानंतरचे तिन्ही शुक्रवार तो जाऊ शकला नाही. ऑफिसात कामाचा डोंगर होता, आणि साहेब उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही अशी तिथली रीत. शिवाय आणखी दोन वर्षांचा करार समोर आला होता. सोमवारी सही करायची होती. वृंदा फोनवर भांडली नाही. ती फक्त म्हणाली, "तुम्ही ठरवा. मी दमले."

शुक्रवार, एकवीस ऑक्टोबर. तो शेवटच्या गाडीनं आला. ओजिमा स्टेशनवर उतरला तेव्हा एक वाजायला आला होता. सकाळपासून पोटात दोन बिस्किटं. घरी जाऊन आडवं व्हावं असं फार वाटलं म्हणाला. तरी लिफ्टमध्ये सहाचं बटण दाबलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत स्वयंपाकघरात दिवा. त्यानं बूट काढले, हळूच हाक मारली. सेन्सेई मेजाशी बसलेले होते, नेहमीच्या खुर्चीत. बारीक दिसत होते. त्या रात्री सिग्नलचं काही विचारलं नाही. फक्त पुस्तक पुढे सरकवलं.

आतल्या खोलीचं सरकतं दार अर्धं उघडं होतं. आत जमिनीवर गादी. कुणीतरी झोपलेलं. सेन्सेईंची मुलगी आली असेल, असं त्याला वाटलं.

मेजावर एक वाटी होती. पांढरा भात, शिगोशीग भरलेला. हा शाकाहारी, म्हणून सेन्सेई त्याच्यासाठी नेहमी साधा भात आणि मीठ काढून ठेवायचे. त्यानं ओळखलं, हे आपलं. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचलेल्या होत्या. त्यानं त्या उपटल्या आणि जेवायला लागला. भात गरम होता.

इथे रुचा मला थांबवते. ती याच देशात वाढली. तिचा आवाज बदललेला असतो.

"आजोबा... उभ्या?"

"उभ्या."

ती पार्थकडे बघते. पार्थ पुटपुटतो, "उसो." खोटं, म्हणून. रुचा हळू आवाजात म्हणते, की तशा उभ्या खोचलेला भात जिवंत माणसाला वाढत नाहीत. तो उशाशी ठेवतात. मेलेल्याच्या.

चंद्रहासला हे कुठून ठाऊक असणार? त्यानं वाटी संपवली. ताटात टाकायचं नाही, हे त्याच्या घरचं वळण. मग वाचायला लागला.

लढाईच्या आधी दोन दिवस नेल्सननं आपल्या लहान मुलीला पत्र लिहिलं, ते आलं. त्याआधीची दोन वर्षं. दोन वर्षांत दहाच दिवस कमी, एवढा काळ त्या माणसानं जहाजाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. चंद्रहासनं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग गोळी लागली ते. खाली नेलं ते. देवाची कृपा, मी माझं कर्तव्य केलं, ते.

दीड वाजला.

सेन्सेईंनी इंग्रजीत, अगदी हळू विचारलं, "तुम्हाला किती वर्षं झाली?"

"एक वर्ष. अकरा महिने."

"...उतरा."

एवढंच.

त्यानं पुस्तक मिटलं. वर पाहिलं.

खुर्ची रिकामी.

खुर्ची सरकल्याचा आवाज नाही. पाऊल नाही.

तो उठला. आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेला. गादी. उशी... उत्तरेला. आपल्याकडेही मेलेल्या माणसालाच तसं निजवतात. तोंडावर पांढरं फडकं. आणि चादरीबाहेर राहिलेला एक हात. बोटांवर पेन्सिलीचा काळा डाग.

...

आमची बेल दोन वाजता वाजली. दार मीच उघडलं. चंद्रहास मोज्यांवर उभा होता. बूट वरच राहिले होते. मी त्याचा हात धरला, तर माझ्या हाताला काही चिकटलं. भाताचं शीत. ते मी पाहिलं. एवढं मात्र मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे.

सकाळी मी वर गेलो. सेन्सेईंची मुलगी, तोमोए-सान, दारात उभी होती. सेन्सेई नऊ दिवस हॉस्पिटलात होते. आदल्या संध्याकाळी सात वाजता गेले. अकराला घरी आणलं. दार तिनं अंत्यविधीवाल्या माणसासाठी लोटून ठेवलं होतं आणि दोन रात्रींच्या जागरणानं तिला पलीकडच्या खोलीत झोप लागली. बूट तिनं जपून ठेवले होते, टोकं दाराकडे वळवून.

चंद्रहासनं सोमवारी सही केली नाही. नोव्हेंबरमध्ये पुण्याला गेला. जुई सुरुवातीला आठवडाभर त्याला काकाच म्हणत होती, असं त्यानं पत्रात लिहिलं.

मी स्वतःची समजूत काढली होती. दमलेलं, उपाशी पोर. आत प्रेत आहे हे न कळता बसलं, मुलीनं रीतीप्रमाणे बापासाठी ठेवलेला भात खाल्ला, पुस्तक वाचता वाचता डुलकी लागली, बाकी स्वप्न. यात न बसणारं काही नव्हतं. भात गरम होता हेही मी भुकेच्या खाती टाकलं.

दोन हजार तेरा साली तोमोए-सान मला ओजिमाच्या दवाखान्यात भेटल्या. आम्ही रांगेत बाजूबाजूला बसलो. मी भीतभीतच त्या भाताची क्षमा मागितली, चंद्रहासच्या वतीनं. त्यांना काही कळेना. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी हातातल्या नंबराच्या चिठ्ठीची घडी घातली.

म्हणाल्या, उशाशी भात ठेवायचा राहून गेला, याची त्यांना आजही लाज वाटते. वडील हॉस्पिटलात गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी किडे होतील म्हणून त्यांनी तांदळाचा डबा रिकामा करून धुऊन ठेवला होता. शनिवारी सकाळी आठला त्या स्वतःच्या घरून भात शिजवून घेऊन आल्या. तेव्हा मेजावर एक रिकामी वाटी होती, आतून ओली.

त्या रात्री घरात तांदळाचा दाणा नव्हता.