कुंभारबागेतली ओल

सांगलीत कृष्णेच्या काठी कुंभारबाग म्हणून चौदा एकरांची जुनी बाग होती. एके काळी तिथली माती कुंभार नेत, म्हणून ते नाव. आणि माती नेऊन नेऊनच ती जमीन नदीच्या बाजूला खोलगट झालेली. सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पालिकेनं ती नव्यानं करायला घेतली तेव्हा तिथं एक मोडका सी-सॉ, कोरडं कारंजं, चाळीसेक करंज आणि खालच्या अंगाला पाच दगडी बाकडी, एवढंच उरलं होतं.

कामावर विनोदिनी नावाची ज्युनिअर इंजिनियर होती. वय एकतीस, माहेर वाईचं. नवरा पुण्याला नोकरीला, चार वर्षांची ओवी वाईला आजीपाशी. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं विनोदिनी तिच्याकडे जाई आणि सोमवारी बागेत हजर होई. आराखडा तिचाच होता. नदीकडची भिंत पाडायची, कारण पुरात ती आधी पाणी अडवे आणि मग एकदम फुटे. खालची सात एकरं नदीला मोकळी सोडायची. पाणी आलं तर करंजांत आणि वाळ्याच्या गवतात पसरावं, ओसरलं की पोरांनी तिथंच खेळावं. तिथून निघालेली माती वरच्या बाजूला, जुन्या जांभळाच्या उंचवट्याला जोडून टाकायची आणि सपाट माथ्याचं मोठं टेकाड करायचं. वर घसरगुंडी, झोपाळे, बसायला ओटे. बागेला लागूनच ओढ्याकाठी कुंभारवस्ती होती, तीसेक घरांची. पूर आलाच तर ती माणसं टेकाडावर चढू शकतील, हे तिनं आराखड्यात एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ बैठकीत कुणी वाचून दाखवली नव्हती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, मुकादम नानासो तिच्याकडे आला. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस.

"म्याडम, बाकड्यावर कुणीतरी पानी वतलंय. बघता का?"

नदीजवळचं पहिलं बाकडं. दगड इतका तापलेला की हात टेकवत नव्हता. त्याच्या मधोमध माणूस बसेल एवढी ओल होती. पुढच्या कडेवरून ओघळ खाली गेला होता आणि धुळीत थेंबांची नक्षी पडली होती. ओलं लुगडं नेसून कुणी टेकावं आणि उठून जावं, तशी.

"लहान पोरांनी केलं असेल," विनोदिनी म्हणाली.

"पोरं हितं कुठं हायत? समदी सावलीला वर हायत."

तिनं बोट लावून वास घेतला. पाणी गढूळ होतं आणि त्यात तांबूस गाळ होता. समोर कृष्णा मेमधली, हिरवट, शेवाळलेली, पायाचे घोटे बुडतील एवढी. तिच्यात असला गाळ जुलै-ऑगस्टशिवाय येत नाही, हे सांगलीत राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

त्या उन्हात पाच मिनिटांत वाळायला हवी होती ती ओल चार वाजेपर्यंत तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ओल दुसऱ्या बाकड्यावर होती. तिसऱ्या दिवशी कोरड्या कारंज्याच्या कठड्यावर. चौथ्या दिवशी करंजाखाली रचलेल्या दगडांवर. वेळ तीच, दुपारी दोनच्या पुढेमागे. पाचव्या दिवशी नानासो स्वतः पहाऱ्याला बसला. दगडांपासून वर जाणाऱ्या पायवाटेच्या पायरीवर, पुढची ओल इथंच पडेल असं धरून, नजर रोखून दीड तास बसला आणि बिडी पेटवायला म्हणून मान खाली घातली तेवढ्यात पायरी ओली झाली. त्यानं ती बिडी पेटवली नाही. "कुणी आलं न्हाई, कुणी गेलं न्हाई," एवढंच त्यानं विनोदिनीला सांगितलं.

विनोदिनी मोजणारी बाई होती. तिनं लेव्हलचं यंत्र लावलं, प्रत्येक ओलीच्या जागी पट्टी उभी करून उंची घेतली आणि रात्री खोलीवर ते आकडे एकाखाली एक लिहिले. प्रत्येक जागा आदल्या दिवशीपेक्षा उंच होती. कधी वीतभर, कधी हातभर. खाली उतरलेली एकही नव्हती. नदीपासून कुणीतरी दमत, बसत, पुन्हा उठत वर येत होतं.

कामावरच्या बायकांत हरणाबाई सगळ्यांत मोठी, पन्नाशीची. मूळची आटपाडीकडची, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला सांगलीला आली आणि कुंभारवस्तीत राहिली. बाकीच्या बायका ओलीला वळसा घालून जात. हरणाबाई सरळ तिच्यापाशी जाऊन उभी राहिली.

"लय भिजून आलीया ओ ताई," ती म्हणाली. "बसाय पन धड जागा न्हाई बिचारीला."

"कोण आलीय, हरणाबाई?"

"ते मला काय ठावं? पन बाई हाय. गडी आसा टेकून बसत न्हाई." तिनं ओलीची कड बोटानं दाखवली. "ही बघा. कडंवर लेकरू घिऊन बसल्यागत एका बाजूला झुकल्यालं हाय."

विनोदिनीनं पाहिलं. ओल खरंच डाव्या बाजूला जास्त पसरली होती.

त्या संध्याकाळी हरणाबाईनं आपल्या जुन्या लुगड्याचा धडपा घडी करून पायवाटेच्या वरच्या ओट्यावर ठेवला. विनोदिनीनं तिला अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर ओल होती आणि धडपा तिथं नव्हता. तो जवळच्या कुंपणाच्या तारेवर होता. घट्ट पिळलेला, झटकलेला, दोन्ही टोकं सारखी करून वाळत घातलेला. खाली धुळीत पिळल्याचं तांबूस पाणी सांडलं होतं.

हरणाबाईनं तो काढला आणि छातीशी धरला.

"वळणाची बाई हाय," ती म्हणाली.

इकडे टेकाड अर्ध्यावर आलं होतं आणि मोठे साहेब पाहणीला आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. पंधरा ऑगस्टला बाग उघडायची होती आणि पाऊस तोंडावर आलेला.

"विनोदिनीबाई, टेकाड दोन फूट कमी करा. घसरगुंडीला एवढी उंची पुरे. जांभळाभोवती वरचा भाग राहू द्या तसाच, दिसायलाही बरं दिसेल."

तिला हरकत घेता येईना. दोन फूट कमी केलं तर काय होईल, याचा हिशेब कुठल्याही पुस्तकात सापडला नसता. तिनं जांभळाच्या उतारावर, मुळांच्या दोन फूट खाली, साहेबांनी सांगितलेल्या उंचीवर चुन्याची रेघ मारून घेतली.

दुसऱ्या दिवशी ओल नेमकी त्या रेघेवर होती.

ती आधीच्यासारखी नव्हती. तिथं पाणी साचलं होतं. कोरड्या, भुसभुशीत मातीवर, जिथं ओतलेला तांब्याही क्षणात जिरला असता, तिथं बोटभर गढूळ पाणी उभं होतं आणि त्यात करंजाची पानं फिरत होती. वारा नव्हता. पुढच्या दिवशीही ते होतं. तिसऱ्या दिवशीही. एवढे दिवस वर वर येणारी ती बाई त्या रेघेपाशी अडकून पडली होती.

चौथ्या दिवशी रेघ कोरडी होती. जांभळाच्या मुळांपाशी, दोन फूट वर, ओल होती. अगदी थोडी, तळहाताएवढी. विनोदिनीच्या डोळ्यांदेखत ती कडेकडेनं आक्रसत गेली आणि वाळली. पाच मिनिटांत. जशी मेमधल्या दुपारी वाळावी तशी.

त्यानंतर बागेत ओल कुठंच दिसली नाही.

विनोदिनी त्याच दिवशी साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"टेकाड पूर्ण उंचीचं करू द्या, साहेब. जांभळाच्या मुळांइतकं."

"कारण?"

जांभळाच्या मुळांखाली त्या बाईला कोरडी जागा मिळाली नव्हती, हे खरं कारण तिच्या जिभेवर होतं आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं. "दोन फूट जास्त झालं तर कुणाला नडणार नाही," ती म्हणाली. "कमी पडलं तर वस्तीला नडेल. मला वीस जूनपर्यंत वेळ द्या."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ही बाई हट्ट धरणारी नव्हे, हे त्यांना माहीत होतं. "वीस जून. एकवीस नाही," ते म्हणाले.

तिनं तीन रविवार ओवीला पाहिलं नाही. ट्रॅक्टर कमी पडले तेव्हा बायकांनी घमेल्यांनी माती वर नेली. हरणाबाई सगळ्यांच्या पुढं. एकोणीस जूनला माथा जांभळाच्या मुळांना लागला आणि त्याच संध्याकाळी पावसानं धरलं.

बाग ठरल्या दिवशी उघडली नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कोयनेकडं पाऊस कोसळत राहिला, आयर्विन पुलाखाली पाणी धोक्याच्या पंचेचाळीस फुटांच्या वर गेलं. भिंत नसल्यामुळं पाणी बागेत मुकाट्यानं शिरलं, करंजांत पसरलं आणि हळूहळू चढलं. वस्तीला सामान उचलायला दुपार मिळाली. पण ओढा उलटा फुगला आणि दोन्हीकडचा रस्ता बंद झाला. तेव्हा तीस घरांतली एकशे बारा माणसं, शेळ्या आणि गाडगी-मडकी घेऊन टेकाडावर चढली.

विनोदिनी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नानासोबरोबर होडीतून आली. पाऊस बारीक पडत होता. पाणी माथ्याखाली वीतभर येऊन थांबलं होतं. चुन्याची रेघ मारली होती ती उंची फूटभर पाण्याखाली होती. नानासोनं वल्हं थांबवून तिकडं पाहिलं आणि होडी कडेला लावली.

माणसं चिखलात, एकमेकांना टेकून बसली होती. मोठी माणसं सगळी होती. हरणाबाईनं दोनदा मोजली होती. फक्त तिची सून शिवांजली वेड्यासारखी इकडून तिकडं फिरत होती.

"ताई, माझी पोर," ती म्हणाली. पोरगी सात महिन्यांची होती. "आत्याबाईंकडं हाय म्हनून मी गप बसले हुते."

"माझ्याकडं कुठली?" हरणाबाई म्हणाली. "मी तर त्या कडंला म्हाताऱ्यास्नी धरून हुते रातभर."

"मग चढताना माझ्या हातातनं घेतली कुणी? 'तू टेक जरा, मी बघते' म्हनलं की मला. अंधार हुता. मी तुमीच म्हनून दिली."

शेवटची ओल वाळली होती त्या जांभळाकडं विनोदिनी आणि हरणाबाई एकदमच वळल्या, मागोमाग शिवांजली.

झाडाच्या मागच्या अंगाला, मुळांच्या बेचक्यात, पोरगी पालथी झोपली होती. वरून जांभळाच्या पानांतून पाणी गळत होतं, आजूबाजूला चिखल झाला होता. ती होती तेवढी जागा कोरडी होती. पांढरी, मऊ धूळ. विनोदिनीनं हात खाली नेला, तर ती तापलेली लागली.

शिवांजलीला तिथंच रडू फुटलं. हरणाबाई पोरीला उचलायला वाकली.

विनोदिनीनं तिचं मनगट धरलं.

"थोडं थांबा."

पोरगी गाढ झोपेत होती, श्वास संथ. तिच्या पाठीवर झबल्याचं कापड तळहाताएवढ्या जागेत खाली दबत होतं आणि सुटत होतं. दबत होतं आणि सुटत होतं, हलक्या हातानं थोपटल्यासारखं.