चौथ्या वाटीचा वास

"तुम्ही चमचा उचलल्याशिवाय इथे कुणी खाणार नाही, काकी," उझमानं हसत तुळसाला सांगितलं.

उझमा रत्नागिरीतल्या मांडवीचीच मुलगी. या नव्या हॉटेलात ती वाढायला होती. कोरियात घरातलं वडीलधारं माणूस पहिला घास घेतं, मग बाकीचे, आणि शेफनी आज तो मान तुळसावहिनींना द्यायला सांगितलाय, असं तिनं समजावलं.

"वयान मोठा मी हाय," तुळसाचा नवरा अनिल म्हणाला. "पण असू दे. सत्तावीस वर्षां ही सगळ्यांच्या मागनं जेवली. आज उलटा होऊ दे."

"आई, घे लवकर. भूक लागलीय," लेक ज्ञानेश्वरी म्हणाली.

रविवारची दुपार होती. पलीकडच्या आठवड्यात हॉटेल लोकांसाठी उघडणार होतं. आज फक्त घरची माणसं. बारा खुर्च्या, मधे लांब ओटा आणि ओट्यापलीकडे काळा एप्रन बांधून उभा असलेला तिचा धाकटा दीर, इथला शेफ नितेश. इथे कुणी काही मागवायचं नव्हतं. शेफ देईल त्या नऊ वाट्या, एकामागून एक. पद्धत कोरियाची, माल रत्नागिरीचा. पहिली वाटी होती पेजेची, वर कुरकुरीत सुकट. तुळसानं चमचा तोंडात घातला. गरम लागलं, मऊ लागलं, सुकट दाताखाली खारट मोडली... आणि बाकी काहीच नाही.

"छान आहे," ती म्हणाली.

नितेशनं मान हलवली. चार वर्षांनी तो तिच्यासमोर उभा होता, आणि या नऊ वाट्या त्यानं कशासाठी मांडल्यात हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याला तिच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती... आणि तेवढीच एक गोष्ट तिला प्रामाणिकपणे सांगता येणार नव्हती.

सासू गेली तेव्हा नितेश सात वर्षांचा होता आणि तुळसा नवी नवरी. तिनं त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, आणि पालीच्या रस्त्यावर खानावळ उभी केली तेव्हा चुलीपाशी बसवून मासा कसा ओळखायचा तेही शिकवलं. कोल्हापूरकडे जाणारे ड्रायव्हर तिच्या कालवणासाठी गाड्या थांबवत. बांगडा ताजा की शिळा हे ती टोपली अंगणात यायच्या आधी सांगे.

मग दोन हजार एकवीस साली ती कोरोनाच्या साथीत आजारी पडली आणि उठली ती नाक हरवूनच. महिना गेला, दोन गेले, वास परत आला नाही. वासाबरोबर चवही गेली होती, जिभेला मीठ तेवढं लागे. कुणाला न सांगता ती मापानं रांधत राहिली. आणि एका दुपारी पहिल्याच गिऱ्हाईकानं ताट सरकवलं. बांगडा नासला होता. अख्ख्या पंगतीला वास आला, एकट्या तिला नाही! त्याच संध्याकाळी तिनं खानावळीला कुलूप घातलं आणि गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

दोनच दिवसांनी मुंबईहून नितेशचा फोन. तिथं तो कामाला होता ते हॉटेलवाले त्याला शिकायला सेऊलला पाठवत होते, व्हिसा हातात होता. "मी नाय जात, वयनी," तो म्हणाला. "पालीला येतो. खानावळ मी चालवतो." खरं कारण कळतं तर तो त्याच रात्री गाडीत बसला असता. त्याला अडवील असं एकच वाक्य तिच्यापाशी होतं, आणि ते तिनं काळजावर दगड ठेवून उच्चारलं.

"तुझ्या हाताला चव नाय, नितेश. माझ्या चुलीला हात लावू नको."

तो सेऊलला गेला. त्यानंतर त्याचा फोन यायचा तो अनिलला.

दुसरी वाटी आली, आंबवलेल्या कैरीची. तिसरी, तिखट तांबड्या लेपात भाजलेल्या कोळंबीची. "छान आहे," तुळसा दोन्ही वेळा म्हणाली आणि दोन्ही वेळा नितेशचा चेहरा अधिकच मिटला. पूर्वी ही बाई असं वरवरचं कधी बोलत नसे.

चौथी वाटी झाकलेली होती. उझमानं तिन्ही झाकणं उचलली आणि ज्ञानेश्वरीनं ओढणी नाकाला लावली.

"आयला, मोजे उकडलेस काय रं?" अनिल खुर्ची मागे सरकवत म्हणाला.

"आंबवलेल्या सोयाबीनचं कालवण आहे. वासाला उग्र, पण खाऊन बघा," उझमा म्हणाली.

तुळसा तेवढ्यात वाटीवर वाकली होती. खोल श्वास घेऊन, सगळ्यांकडे पाहत, शांत चेहऱ्यानं ती म्हणाली, "किती छान वास सुटलाय."

नितेशनं हातातली सांडशी खाली ठेवली. तो ओट्याला वळसा घालून आला आणि तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला.

"वयनी, कसला वास येतोय तुला?"

तिनं चमचा खाली ठेवला.

"कधीपासून?" त्यानं हळूच विचारलं.

"त्या आजारापासून," ती म्हणाली. "खानावळ त्याच्यासाठीच बंद केली. गुडघे चांगले हायत माझे."

"म्हणजे... मला फोनवर बोललीस, तेव्हा..."

"तेव्हा मला मिठाशिवाय काय कळत नव्हता. तुझ्या हाताचा काय सांगणार मी? पण तू परत आला असतास रे... नासलेल्या बांगड्यापायी तुझा जन्म पालीत गेला असता." तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फार वाईट बोलले. रोज आठवायचा."

नितेशनं तिच्या मांडीवर डोकं टेकलं, सातव्या वर्षी टेकत असे तसं, आणि त्याचे खांदे हलू लागले. क्षणभर ती व्याकूळ झाली. मग तिच्या लक्षात आलं, तो रडता रडता हसत होता.

"चार वर्षां, वयनी. एवढे शेफ चांगला म्हणाले, मला एकाचाही खरा वाटला नाय."

"मला तरी सांगायचास गो," अनिल दुखावून म्हणाला.

"तुम्हाला? तासाभरात सेऊलला फोन गेला असता."

"तेवढा खरा हाय," ज्ञानेश्वरी म्हणाली आणि अनिललाही हसू आवरेना.

नितेश उठला, डोळे पुसले आणि ओट्यामागे गेला. "पुढच्या पाच वाट्या बदलायच्या," त्यानं आत सांगितलं. काय उरलंय, एवढंच त्यानं तिला विचारलं. गरम-थंड कळतं, ती म्हणाली. कुरकुरीत कळतं, तिखट झोंबतं, खारट-आंबट-गोड जिभेला लागतं. तो ऐकत होता, आणि हात चालू होते.

पाचवी वाटी आली ती बर्फाच्या पाण्यातल्या शेवयांची. वर काकडीचे काप, कडेला वाटलेल्या मोहरीचा पिवळा गोळा.

"मोहरी सगळी कालव," तो म्हणाला.

तिनं कालवली, शेवया ओढल्या. दात शिवशिवले, काकडी करकरली... आणि मग मोहरीचा झणका नाकातून थेट टाळूपर्यंत गेला. चार वर्षं मेलेलं तिचं नाक पेटून उठलं! डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते मोहरीचं किती आणि मनातलं किती, तिनं ठरवायचा प्रयत्न केला नाही. दुसरा घास घेतला. तिसरा.

तुळसानं पदरानं नाक पुसलं, तळाचं पाणी चमच्यानं चाखलं आणि कपाळाला आठी घातली.

"मीठ कमी हाय."

उझमा दचकून शेफकडे पाहू लागली. नितेशनं चमचा घेऊन तिच्याच वाटीतलं चाखलं, थोडं थांबून पुन्हा चाखलं.

"हाय खरा," तो म्हणाला, आणि ओट्यावरचं मीठ घेऊन सगळ्यांच्या वाट्यांत आपल्या हातानं चिमूट चिमूट टाकत गेला.