गोडं पाणी आणि अठरा कालवं

मंगरूळपीरच्या स्टँडावर मे महिन्यातल्या भर दुपारी हसणारा माणूस येडा तरी असतो, नाहीतर प्रेमात तरी पडलेला असतो. साक्षी दोन्हींतली नव्हती. रत्नागिरीहून निघून बावीस तास झालेले, अंगात त्राण नाही, आणि इंझोरीची बस काही येत नव्हती.

तिच्याजवळ थर्माकोलचा डबा होता. आत ओल्या गोणपाटात अठरा जिवंत कालवं, समुद्रातल्या खडकाला चिकटून राहणारे शिंपल्यातले जीव. उन्हाळ्याची काहिली ते कशी सोसतात, यावर तिचा प्रबंध. मार्चपासून आठवड्याला एकेक डिग्री पाणी तापवत तिने त्यांना सवय लावली होती. सुट्टीत प्रयोगशाळेत पाणी बदलायला कोणी नाही, इंझोरीला घरी आईचं ऑपरेशन. मग काय, घेतली सोबत! बाबांनी बजावलंच होतं, "हे वर्ष शेवटचं. नाही जमलं तर पाहुणे बोलावतो."

रसवंतीच्या बाकावर डबा ठेवून ती तोंडावर पाणी मारायला गेली. परत येते तो काय, रसवंतीवाला डब्यावर वाकलेला आणि हातात रिकामा जग!

"हे काय केलं तुमी?"

"गोणपाट सुकून राह्यलं होतं, म्याडम. आत जीव दिसले... म्हून थंडगार पानी टाकलं."

"अहो, खाऱ्या पाण्यातले हायेत ते! गोडं पाणी म्हणजे जहर त्याहिले! काहून हात लावला?" पाच वर्षांत जिभेवरून उतरलेली वऱ्हाडी रागासरशी धावत आली.

त्याचा चेहरा पडला. "तहानलेल्याले पानी देनं चुकते, हे आज समजलं."

"खडे मीठ आणा. पळा! लिटरला पस्तीस ग्रॅम, मोजून."

"मी अश्वजित," तो पळता पळता ओरडला. "शिव्या द्याच्या असन तं नाव लागन ना!"

ढोरांसाठी ठेवतात ते मीठ घेऊन आला. रसाच्या पातेल्यात दोघांनी खारं पाणी केलं. कालवं आत सोडली, अठराही गच्च मिटलेली.

"आता?"

"आता वाट पाहायची. त्रास झाला की ती मिटून घेतात. पाणी पटलं की उघडतात... मेली तरी उघडतात. मग बोट लावलं तरी मिटत नाहीत."

इंझोरीची बस आली. त्याने बोट दाखवलं. "जाऊ द्या," साक्षी म्हणाली, आणि बस गेली. वाट पाहता पाहता तिने त्याला प्रबंधाचं सांगितलं.

"थे गरम पानी कसं सोसतात?"

"आठवड्याला एक डिग्री, असं हळूहळू तापवलं तर सोसतात. एकदम तापवलं तर मरतात." बोलता बोलता तिचे डोळे भरले. "मी दमले हो... खूप दमले."

 त्याने रसवंतीवरचं हिरवं कापड ओढून पातेल्यावर आणि तिच्यावर सावली केली. मग रसाचा ग्लास ठेवला. "बिना बर्फाचा. एकदम थंड नको."

चारच्या सुमाराला एक कालव किंचित उघडलं. साक्षीचं बोट पुढे होईना. "तुमी लावा..."

अश्वजितने बोट लावलं. शिंपला चटकन मिटला.

"मिटलं वो! जित्तं हाय!" रसवंतीवरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

एकेक करत सतरा उघडली आणि बोट लागताच मिटली. अठरावं उघडंच राहिलं. साक्षीने ते बाजूला काढलं आणि वहीत लिहिलं: एक गेलं, गोड्या पाण्याने.

"माझं नाव बी लिहा," तो हळूच म्हणाला. "कसूर माझाच हाय."

तिने खरंच लिहिलं. बाकीच्या सतरांवर प्रबंध होणार होता, आता पाहुणे थांबू शकत होते.

साडेपाचच्या बसमध्ये त्याने डबा चढवून दिला. खिडकीशी येऊन घुटमळला.

"म्याडम, तुमी मले आवडल्या... पन एकदम काई इचारत नाई. हप्त्याले एक डिग्री... चालन काय?"

आणि साक्षी हसली. मे महिन्यात, मंगरूळपीरच्या स्टँडावर!

"दर रविवारी पाणी बदलायचं असतं," बस हलता हलता ती म्हणाली. "इंझोरीले या. मीठ घेऊन."