चोवीस जागा आणि अर्धा सेकंद

कालव्याने बटण वेळेवर दाबलं होतं. याबद्दल मी आजही कुणाशीही पैज लावायला तयार आहे.

कालव्या म्हणजे आमच्या घरचा यंत्रमानव. त्याच्या पाठीवरची झाकणं कालवांच्या शिंपल्यांसारखी करडी आणि खडबडीत, म्हणून हे नाव. जरा खडूस आहे, पण कामाला चोख. त्या रविवारी सकाळी मी त्याच्या शेजारी पडद्यासमोर श्वास रोखून बसले होते. बरोबर दहाला सागरतंत्र केंद्राच्या उन्हाळी कार्यशाळेची नोंदणी सुरू होणार होती. कार्यशाळेचं नाव 'स्वतःच्या हातांनी पाणबुडा बनवा'. पाणबुडा म्हणजे पाण्याखाली जाऊन कॅमेऱ्याने बघणारं छोटं यंत्र. बारा दिवस, चोवीस जागा, इयत्ता पाचवी ते आठवी. बटण दिसलं, कालव्याने दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली, "क्षमस्व. सर्व जागा भरल्या आहेत. आपला क्रमांक ६१."

हे सलग तिसरं वर्ष होतं. शिवाय मी आठवीत होते, म्हणजे पुढच्या वर्षी अर्ज करायचीही सोय नव्हती. आता उरली होती फक्त दुसरी तुकडी. तिची नोंदणी पुढच्या रविवारी.

तुम्ही म्हणाल, एका कार्यशाळेसाठी एवढं काय? सांगते. मी शर्वी मेथर. आमची शेवाळवस्ती मालवणच्या किनाऱ्यापासून साठ किलोमीटर आत, समुद्रावर तरंगते. आम्ही दोरांवर समुद्री शेवाळ पिकवतो. हे सगळं वाहून जाऊ नये म्हणून खाली नांगर टाकलेले असतात, आणि नांगरांचे दोर कुठे झिजलेत का ते रोज बुडी मारून बघावं लागतं. हे काम माझी आई करते. मागच्या वर्षी पाण्याच्या दाबाने तिच्या उजव्या कानाचा पडदा फाटला. तो भरून आला, पण डॉक्टरांनी बजावलं की पुन्हा फाटला तर ऐकू येणं कायमचं जाईल. आई दुसऱ्या महिन्यात पुन्हा पाण्यात उतरली. दुसरं कोण उतरणार होतं? म्हणून यंदा तर मला पाणबुडा बनवायला शिकायचंच होतं.

"काय झाला गो? तोंड कित्या पाडलंस?" आजोने विचारलं. आजो म्हणजे माझे आजोबा. वस्तीवर येण्याआधी जन्मभर त्यांनी किनाऱ्यावर मासेमारी केली.

"परत नंबर नाय लागलो, आजो."

"ह्यो झोपलो होतो काय?" आजोने कालव्याकडे हनुवटी उडवली.

"मी झोपत नाही," कालव्या फणकारला. "बटण दिसल्यावर एका सहस्रांश सेकंदात (सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्याएवढ्या वेळात) मी ते दाबलं. नोंद बघा."

मी नोंद बघितली. दाबायला उशीर झालाच नव्हता. पण त्याच्या वर एक ओळ होती, ती मी तीनदा वाचली. 'बटण दिसल्याची वेळ: दहा वाजून ०.२४ सेकंद.'

"दहाला सुरू होणारी नोंदणी तुला दहाला का नाही दिसली?" मी विचारलं.

"कारण ती वरून येते," कालव्या म्हणाला. "किनाऱ्यावर तारांचं जाळं आहे. आपल्याकडे तार नाही. आपला सगळा संपर्क भूस्थिर उपग्रहातून चालतो (पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला जितका वेळ लागतो, तितक्याच वेळात तिच्याभोवती फेरी मारणारा उपग्रह, म्हणून तो आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो)."

"वरून येता ना? मगे तबकडी वर चढवा," आजोने तोडगा काढला. "डोलकाठी जितकी उंच, तितका लांबचा दिसता."

आमच्या वस्तीत दर्याबाबतचा आजोचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. सोमवारी अख्खी वस्ती कामाला लागली. चौघांनी डोलकाठीला जोड दिला, दोघांच्या हातांना फोड आले, आणि संध्याकाळी संपर्काची तबकडी पुरती चार मीटर वर गेली. आजो कमरेवर हात ठेवून तिच्याकडे कौतुकाने बघत होते. कालव्याने मात्र थोबाड उघडलंच.

"उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंच आहे. चार मीटरने तुम्ही जो वेळ वाचवला, तो सेकंदाच्या कोटीव्या तुकड्याएवढासुद्धा नाही."

"म्हणजे आमची कंबर मोडली ती फुकटच म्हण!" आजो म्हणाले आणि स्वतःच हसत सुटले.

मला हसू आलं नाही. मी वही काढली. कालव्या सांगत गेला, मी मांडत गेले. केंद्रातून निघालेला संदेश आधी छत्तीस हजार किलोमीटर वर जातो, मग छत्तीस हजार किलोमीटर खाली आमच्याकडे येतो. एकूण बहात्तर हजार. रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने धावतात, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर. बहात्तर हजाराला तीन लाखांनी भागलं तर उत्तर आलं ०.२४. नोंदीत होतं तेवढंच!

"पण हे बटण येण्यापुरतं झालं," कालव्या म्हणाला. "आपण ते दाबल्याची खबर पुन्हा तेवढीच वाट चालून जाते."

म्हणजे जाऊन येऊन ०.४८, जवळजवळ अर्धा सेकंद. यालाच विलंब म्हणतात (संदेश निघाल्यापासून त्याचं उत्तर परत पोहोचेपर्यंत गेलेला वेळ). माणसं बटण दाबत होती तेव्हा या अर्ध्या सेकंदाला कुणी विचारत नव्हतं. पण आता घरोघरी यंत्रमानव बटण दाबतात. केंद्राने तर अभिमानाने जाहीर केलं होतं, 'यंदा सर्व जागा अवघ्या ०.१ सेकंदात भरल्या!' आमची खबर आकाशातून खाली उतरायच्या आत तिकडे शर्यत संपून झाडलोटही झालेली असायची.

"आपण आधीच दाबलं तर?"

"बटणासोबत एक सांकेतिक अंक येतो. तो नसेल तर अर्ज बाद. आणि प्रकाशापेक्षा वेगाने तो अंक कुणीच आणू शकत नाही. थोडक्यात, उपाय नाही."

"आपल्या टोकाला नाही," मी म्हणाले. "त्यांच्या टोकाला असेल."

पण नुसतं रडगाणं गाऊन कोण ऐकतं? पुरावा हवा होता. मी आजोचं जुनं, हाताने दाबायचं स्टॉपवॉच घेतलं. यंत्राने मोजलं असतं, पण मग यंत्र चुकलं असेल असं कुणी म्हटलं असतं. अडचण अशी की बोटाने बटण दाबताना माझीच दोन दशांश सेकंदांची चूक व्हायची. अर्धा सेकंद मोजताना एवढी चूक म्हणजे निम्मं मोजमाप वायाच. मग एक युक्ती सुचली. कालव्याने केंद्राच्या संगणकाला 'आहेस का?' विचारायचं, 'आहे' असं उत्तर आलं की लगेच पुन्हा विचारायचं, असं शंभर वेळा. पहिल्या प्रश्नाला घड्याळ सुरू, शंभराव्या उत्तराला बंद. वेळ आली पन्नास सेकंद. तिला शंभरने भागलं की एका खेपेची सरासरी ०.५० सेकंद. माझ्या बोटाची चूकही शंभरने भागली गेली आणि नाहीशी झाली! ०.४८ वाटेत गेले, उरलेले दोन शतांश यंत्रांच्या आपल्या कामात. मालवणच्या माझ्या मावसबहिणीने घरून हेच केलं, तर शंभर खेपा मिळून एक सेकंदही लागला नाही.

सगळे आकडे लिहून मी केंद्राला पत्र पाठवलं. गुरुवारी दुपारी पडद्यावर खुद्द केंद्राच्या प्रमुख, डॉ. सुलक्षणा बिवलकर, दिसल्या.

"शर्वी, तुझं मोजमाप आम्ही पुन्हा करून पाहिलं. अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या हे लक्षातच आलं नव्हतं. मी तुझ्यासाठी एक जागा राखून ठेवते. येशील ना?"

दारात आई उभी होती. नुकतीच पाण्यातून आली होती, केसांतून पाणी निथळत होतं आणि कानात कापूस होता. 'हो' माझ्या ओठांवर आलं होतं. खोटं कशाला बोलू?

"आणि बाकीचे? वस्तीवरून आम्ही बाराजण अर्ज करतो."

"नियम पुढच्या वर्षी बदलू. आता वेळ कमी आहे."

"मॅडम, तुम्ही रापण पाहिलीय?"

"पाहिली नाही. सांग."

"किनाऱ्यावरून होडीने जाळं अर्धगोल टाकतात. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, ते सगळा गाव मिळून ओढतो. माझे आजोबा सांगतात, जाळं वाळूवर येईपर्यंत ज्याने दोराला हात लावला, त्याला वाटा. पहाटे आला की उशिरा, कुणी विचारत नाही. जाळं आत आल्यावरच मोजणी. तुम्हीही तसंच करा. नोंदणी सकाळी आठ ते रात्री आठ उघडी ठेवा. तेवढ्यात आलेले सगळे अर्ज सारखे. मग चिठ्ठ्या काढा. बारा तासांत अर्धा सेकंद कुणाला नडणार?"

"आणि चिठ्ठीत तुझं नाव आलं नाही तर? आत्ता तुझी जागा पक्की आहे."

मी आईकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, काही सुचवलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

"तरीपण चिठ्ठ्याच काढा," मी म्हणाले.

डॉ. बिवलकरांनी समोरच्या कागदावरची एक ओळ खोडून नवी लिहिली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. रविवारी आठ ते आठ."

रविवारी दोनशे अकरा अर्ज आले. सोमवारी सकाळी अकराला सगळी वस्ती पडद्यासमोर जमली. बरणीतून एकेक चिठ्ठी निघत होती. सातवी चिठ्ठी किमया खवणेकर, आमची! सगळे ओरडले. एकोणिसावी ओजस कोयंडे, तोही आमचाच! आजोने कालव्याच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचं एक झाकण उघडलं. विसावी, एकविसावी, बाविसावी... चोविसावं नाव देवगडच्या कुणा मुलाचं होतं.

माझं नाव आलं नाही.

मी शेवाळ वाळवायच्या मांडवामागे जाऊन पोटभर रडले. नियम माझाच होता, म्हणून कुणावर रागावताही येईना. ते जास्त वाईट.

थोड्या वेळाने आजो आले. "रडान घे. मगे भायर ये. वाटे करूचे आसत."

"कसले वाटे? माका काय गावला?"

"रापणीची गोष्ट तुयाच सांगितलंस ना त्या बाईंका? अर्धीच सांगितलंस. मासो कोणाच्या हातात इलो, ता कोण बघता? जो दोराक हात लावता, तेका वाटो. दोघांका नंबर लागलो, तो बाराजणांचो."

मी डोळे पुसले. मांडवाबाहेर किमया आणि ओजस वही घेऊन उभे होते.

मे महिन्यातले ते बारा दिवस मी विसरणार नाही. रोज संध्याकाळी सातला ते दोघं केंद्रातून बोलायचे आणि त्या दिवशी शिकलेलं सगळं आम्हा दहाजणांना दाखवायचे. मोटारीत पाणी शिरू नये म्हणून काय करायचं, तरंगणं आणि बुडणं यांचा तोल कसा साधायचा, सगळं. विचारलेल्याचं उत्तर अर्धा सेकंद उशिरा यायचं, पण आता कुणी कुणाशी शर्यत लावत नव्हतं. मोडक्या पंपातून तीन मोटारी निघाल्या, लोणच्याच्या बरणीचं डोकं झालं. कॅमेरा मात्र कुठे मिळेना. शेवटी कालव्याने आपला राखीव डोळा काढून दिला. "परत हवाय," असं त्याने चारदा बजावलं.

पहिला पाणबुडा बुडाला तो बुडालाच. त्याला वर ओढायला आईला पाण्यात उतरावं लागलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा गोल गोल फिरत राहिला. तिसरा जूनच्या दोन तारखेला सरळ खाली गेला आणि पडद्यावर नांगराचा दोर दिसला. त्यावरची एक झिजलेली जागा आईनेच आधी ओळखली.

डॉ. बिवलकरांना आम्ही ते चित्र पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, 'पुढच्या वर्षी एक तुकडी तुमच्या वस्तीवर घेऊ या का?' आम्ही लगेच हो म्हटलं, पण पुढच्या वर्षापर्यंत कोण थांबतं? या दिवाळीच्या सुट्टीत आमची पहिली कार्यशाळा आहे. नोंदणी आठवडाभर उघडी, किनाऱ्यावरची मुलंही येऊ शकतात. मी वहीत रकाने आखले. नाव, गाव, इयत्ता.

पहिलं नाव लिहायला आई आली. दुपारचे बारा वाजले होते, म्हणजे एरवीची तिची बुडीची वेळ, आणि तिचे केस कोरडे होते.

तिने नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि पेन हातात धरून थांबली. "इयत्ता काय लिवू गो?"

मी तो रकानाच खोडून टाकला.